वजनघटीच्या शस्त्रक्रियेनंतर आरोग्यदायी सवयींची जडणघडण : मराठवाड्यातील आहार-संस्कृतीच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

तीव्र स्थूलत्वावरील उपाय म्हणून बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया आता महाराष्ट्रात सुपरिचित झाली आहे. या शस्त्रक्रियेने जठराची क्षमता कमी होते, भूक मंदावते व पहिल्या वर्ष-दीड वर्षात वजन वेगाने उतरते. उतरलेले वजन टिकवणे व शरीराचे पोषण सांभाळणे हे मात्र रुग्णाच्या दैनंदिन सवयींवर अवलंबून असते. या सवयींचा संबंध घरातील स्वयंपाक, उपवास, पंगत, चहा आणि कामाच्या ठिकाणची दिनचर्या यांच्याशी असल्याने त्या केवळ वैयक्तिक निश्चयावर सोपवता येत नाहीत. प्रस्तुत लेखात छत्रपती संभाजीनगर व मराठवाडा परिसरातील आहार-संस्कृतीच्या पार्श्वभूमीवर या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : स्थूलत्व, बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया, सवय, प्रथिने, आहार-संस्कृती, मराठवाडा

प्रस्तावना

दुष्काळ आणि कुपोषण यांच्या संदर्भात ज्या प्रदेशाचा विचार दीर्घकाळ केला गेला, त्या प्रदेशातील शहरांतही आज स्थूलत्व हा आरोग्याचा गंभीर प्रश्न बनला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील २०.६ टक्के स्त्रिया अतिवजनी वा स्थूल असल्याचे आढळले होते. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण २४ टक्क्यांवर गेले. पुरुषांमध्ये ते २२.९ टक्के होते. मधुमेह, उच्च रक्तदाब, गुडघ्यांची झीज, झोपेत श्वास अडखळणे, यकृतातील मेद आणि वंध्यत्व अशा अनेक विकारांची मुळे स्थूलत्वात आढळतात.

आहार, व्यायाम व औषधे यांनी पुरेसा लाभ न झालेल्या रुग्णांसाठी शस्त्रक्रियेचा पर्याय उपलब्ध आहे. महाराष्ट्रात या शस्त्रक्रियेची सार्वजनिक चर्चा विशेषत्वाने झाली ती २०११ मध्ये. नागपूरचे नितीन गडकरी हे त्या वेळी भारतीय जनता पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष होते व त्यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये उज्जैन येथील जाहीर कार्यक्रमात, आपले वजन एकेकाळी १३५ किलो होते व ते ९३ किलोवर आले आहे, असे त्यांनी स्वतः सांगितले. शस्त्रक्रियेनंतर दहा वर्षे उलटून गेल्यावरचा हा आकडा आहे. पहिल्या वर्षातील घट बहुतेक रुग्णांमध्ये दिसते. दहाव्या वर्षी काय उरते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. या लेखाचा विषय तोच आहे.

शस्त्रक्रियेचे कार्य व मर्यादा

आज प्रामुख्याने दोन प्रकारच्या शस्त्रक्रिया केल्या जातात. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकला जातो व केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवली जाते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटर क्षमतेची लहान पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याच्या पुढील भागास जोडली जाते. बायपासची मूळ कल्पना अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६० च्या दशकात मांडली. दुर्बिणीच्या साहाय्याने होणाऱ्या शस्त्रक्रियेमुळे १९९० च्या दशकानंतर तिचा प्रसार वाढला.

जठर लहान होणे एवढाच या शस्त्रक्रियेचा परिणाम नाही. भुकेची जाणीव निर्माण करणारे घ्रेलिन हे संप्रेरक जपानमधील संशोधकांनी १९९९ मध्ये शोधून काढले. ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते व स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग काढला जातो. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत रुग्णाला भूकच लागत नाही. पोट भरल्याची सूचना देणारी आतड्यातील संप्रेरकेही वाढतात. मधुमेही रुग्णांची रक्तशर्करा तर वजन फारसे उतरण्यापूर्वीच सुधारू लागते.

असे असले तरी शस्त्रक्रिया काही गोष्टी बदलू शकत नाही. कंटाळा आला की चिवडा खाणे, पाहुण्यांबरोबर गोड चहा घेणे, रात्री उशिरा जेवणे, पायी पाच मिनिटांच्या अंतरासाठी दुचाकी काढणे या सवयी मेंदूत व घराच्या व्यवस्थेत असतात, जठरात नसतात. घन आहाराला लहान जठर अडवते, पण सरबत, आईस्क्रीम, गोड लस्सी, मद्य असे द्रव आणि अर्धद्रव पदार्थ सहज पुढे सरकतात. म्हणून थोडेच खाऊनही वजन वाढणे शक्य असते.

स्वीडनमधील दीर्घकालीन अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९८७ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या २,०१० व न झालेल्या २,०३७ स्थूल व्यक्तींचा अनेक वर्षे मागोवा घेण्यात आला. शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वांत कमी झाले, त्यानंतर काही प्रमाणात पुन्हा वाढले व सुमारे दहाव्या वर्षी स्थिरावले. दहा वर्षांनंतरही बायपास झालेल्यांची घट मूळ वजनाच्या सुमारे २५ टक्के होती. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचे प्रमाणही कमी आढळले. यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. शस्त्रक्रियेचा लाभ खरा व टिकाऊ आहे. आणि काही वजन परत वाढणे हा शरीराचा स्वाभाविक कल आहे. हा कल आटोक्यात ठेवणे हे सवयींचे काम होय.

भारतीय शरीरयष्टी आणि शस्त्रक्रियेचे निकष

१९९१ मध्ये अमेरिकेत ठरलेल्या निकषानुसार शरीर वस्तुमान निर्देशांक ४० किंवा त्याहून अधिक, अथवा ३५ पेक्षा अधिक व सोबत गंभीर विकार, अशा व्यक्तींना शस्त्रक्रिया सुचवली जात असे. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी हे निकष सैल केले व आशियाई व्यक्तींसाठी २७.५ ही मर्यादा विचारात घेण्याची शिफारस केली. या भेदामागील एक महत्त्वाचे संशोधन पुण्यात झाले आहे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचा शरीर वस्तुमान निर्देशांक एकच, म्हणजे २२.३ होता, मात्र शरीरातील मेदाचे प्रमाण याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के व युडकिन यांच्यात ९.१ टक्के होते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांच्या छायाचित्रासह प्रसिद्ध झालेल्या या तुलनेने भारतीय शरीर दिसायला सडपातळ असूनही मेदयुक्त असू शकते, ही बाब जगापुढे आली.

या निरीक्षणाचा सवयींच्या दृष्टीने अर्थ असा की, भारतीय रुग्णात स्नायूंचा साठा मुळातच कमी असतो. शस्त्रक्रियेनंतर वेगाने वजन उतरताना मेदाबरोबर स्नायूही झिजतात. काट्यावरील आकडा समाधानकारक असला तरी स्नायू गेले असतील तर थकवा, अशक्तपणा व पुढे वजनवाढ यांचा धोका राहतो. प्रथिने आणि व्यायाम यांना शस्त्रक्रियेनंतर इतके महत्त्व दिले जाते ते यासाठीच.

सवय कशी लागते

पहिल्या वर्ष-दीड वर्षात भूक मंद असते व वजन उतरत असल्याने उत्साहही असतो. नव्या सवयी लावण्यास हा काळ सर्वांत अनुकूल होय. लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ व्यक्तींवर झालेल्या एका सुपरिचित अभ्यासात नवी कृती आपोआप घडू लागण्यास साधारण ६६ दिवस लागतात असे आढळले. व्यक्तिपरत्वे हा कालावधी १८ ते २५४ दिवस असा कमी-अधिक होता. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही, हेही त्या अभ्यासात दिसून आले. ‘एकवीस दिवसांत सवय’ हा लोकप्रिय समज त्यामुळे टिकत नाही.

सवय एखाद्या ठरावीक प्रसंगाला बांधलेली असेल तर लवकर रुजते. ‘रोज व्यायाम करीन’ या संकल्पापेक्षा ‘सकाळी दूध तापवून झाले की पायांत बूट घालीन’ ही योजना अधिक उपयोगी ठरते. ‘गोळ्या वेळेवर घेईन’ असे म्हणण्यापेक्षा गोळ्यांची डबी मिठाच्या बरणीशेजारी ठेवणे परिणामकारक असते. निश्चय कमी पडतो तेथे अशी मांडणी कामी येते.

पहिले दोन महिने

शस्त्रक्रियेनंतरचा आहार टप्प्याटप्प्याने वाढवला जातो. आरंभीचे एक-दोन दिवस केवळ पाणी व पातळ, गाळलेले द्रव. त्यानंतर सुमारे दोन आठवडे दूध, पातळ ताक, वरणाचे गाळलेले पाणी, गाळलेले सूप व डॉक्टरांनी सुचवलेली प्रथिनांची भुकटी. पुढे घोटलेले पदार्थ. आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीच्या अन्नाकडे वाटचाल, असा सर्वसाधारण क्रम असतो. नेमके वेळापत्रक प्रत्येक रुग्णालयाचे वेगळे असते व तेच पाळावे.

मराठी स्वयंपाकघराला हा क्रम परका नाही. तान्ह्या बाळाला अन्न सुरू करताना पेज, वरणाचे पाणी, खिमट, मऊ भात असाच क्रम घरोघर पाळला जातो. फरक एवढाच की येथे भातापेक्षा डाळीला व दुधाला प्राधान्य द्यावयाचे असते. घोटलेले मुगाचे वरण, घुसळलेले दही, मऊ पनीर, मऊ उकडलेले अंडे हे या टप्प्यावरील योग्य पदार्थ होत. मिरचीचा ठेचा, तळलेले पदार्थ, रेषेदार भाज्या व ताजा पाव यांना या काळात स्थान नाही. घास लहान असावा, तो पूर्ण चावला जावा व जेवणास वीस ते तीस मिनिटे लागावीत. पोट भरल्याची सूचना आता छातीत दडपण, उचकी किंवा नाकाला पाणी सुटणे अशा अनोळखी रूपात येते. ती ओळखून तेथेच थांबणे, ही पहिली नवी सवय होय.

वारंवार उलट्या होणे हे ‘पथ्य मोडल्याचे’ लक्षण समजून घरी दडपून ठेवू नये. सतत उलट्या झाल्यास थायमिन या जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता होऊन मेंदू व मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते. अशा वेळी तत्काळ रुग्णालयात जाणे आवश्यक असते.

तोंडी लावण्याचा क्रम उलटा

मराठवाड्याच्या ताटात भाकरी हे अन्न असते आणि पिठले, आमटी, भाजी, शेंगदाण्याची चटणी ही तिला ‘तोंडी लावणी’ असतात. कष्टाच्या शेतीकामासाठी ही रचना योग्य होती. शस्त्रक्रियेनंतर हा क्रम उलटा करावा लागतो. डाळ, उसळ, दही, अंडे, पनीर किंवा मासे-चिकन हे अन्न, आणि भाकरीचा चतकोर हे तोंडी लावणे. जठरात जागाच थोडी असल्याने जे प्रथम खाल्ले जाईल तेच पोटात जाणार, हे त्यामागील कारण होय.

प्रौढ रुग्णाने दररोज किमान ६० ग्रॅम प्रथिने घ्यावीत, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून सुमारे ५ ग्रॅम प्रथिने मिळतात. केवळ भाकरीच्या आधारे हे उद्दिष्ट गाठणे अशक्य आहे, हे त्यावरून ध्यानात यावे. शाकाहारी व्यक्तीने सहा महिन्यांनंतरच्या आहारात दिवसभरात ४०० मिलिलिटर दूध (सुमारे १३ ग्रॅम), १०० ग्रॅम पनीर (सुमारे १८ ग्रॅम), ६० ग्रॅम कोरड्या डाळीचे वरण वा उसळ (सुमारे १३ ग्रॅम), ३० ग्रॅम सोयाबीन वडी (सुमारे १५ ग्रॅम) व एक वाटी दही (सुमारे ५ ग्रॅम) यांची योजना केली तर बेरीज ६४ ग्रॅमच्या आसपास जाते. मांसाहारी व्यक्तीला अंड्यातून प्रत्येकी सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. हे सर्व एका वेळी खाणे शक्य नसल्याने पाच-सहा लहान वेळांत विभागावे लागते.

येथे एका लोकप्रिय आहारपद्धतीचा उल्लेख आवश्यक ठरतो. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली व लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघर पोहोचवलेली, दिवसातून दोनदाच पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत मराठवाड्यात अनेकांनी स्वीकारली आहे. ती शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांसाठी रचलेली नाही. लहान झालेल्या जठरात दोन जेवणांतून आवश्यक प्रथिने मावत नाहीत. नातेवाइकांच्या आग्रहावरून अशा रुग्णाने ही पद्धत स्वतःहून सुरू करू नये.

मराठवाड्याच्या परंपरेत या नव्या ताटाला अनुकूल असे पुष्कळ आहे. हुलगा, मटकी, चवळी, तूर, मूग ही येथील कडधान्ये, ताक, अंबाडी, चाकवत, मेथी या पालेभाज्या, कमी तेलातले पिठले. याउलट शहराची ओळख असलेला नान-कलिया हा पदार्थ सावधपणे हाताळावा लागतो. मैद्याचा नान लहान जठरात गोळा होऊन अडकू शकतो व कलियावरील तेलाचा तवंग मळमळ निर्माण करतो. वर्षभरानंतर, नान बाजूला ठेवून व तवंग काढून मांसाचे दोन-तीन मऊ तुकडे चावून खाणे बहुतेकांना शक्य होते. आवडता पदार्थ कायमचा वर्ज्य करण्यापेक्षा त्याचे प्रमाण व रूप बदलणे अधिक टिकाऊ ठरते.

उपवास, रोजे आणि पंगतीतील आग्रह

एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार व नवरात्र यांचे उपवास अनेक स्त्रिया निष्ठेने करतात. उपवासाचा मुख्य पदार्थ असलेला साबुदाणा जवळजवळ केवळ पिष्टमय असून त्यात प्रथिने नाममात्र असतात. शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीने नवरात्राचे नऊ दिवस साबुदाणा व बटाटा यांवर काढले तर तेवढे दिवस स्नायूंची झीज होत राहते. रमजानच्या रोज्यांत पाण्याचाही त्याग असल्याने निर्जलीकरणाचा धोका वाढतो. पहिले वर्ष-दीड वर्ष दीर्घ उपवास टाळावेत असा सल्ला सामान्यतः दिला जातो. दोन्ही परंपरांमध्ये आजारी व्यक्तीला सवलत आहे; ती घेण्यात संकोच मानण्याचे कारण नाही. त्यानंतर उपवास करावयाचाच असेल तर दूध, दही, पनीर, राजगिरा व मर्यादित शेंगदाणे यांवर भर द्यावा आणि औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.

पंगतीतील आग्रह हा त्याहून कठीण प्रसंग असतो. पुरणपोळी, जिलेबी किंवा श्रीखंड वाढताना ‘एवढ्याने काय होते’ असे प्रेमाने म्हटले जाते. बायपास झालेल्या व्यक्तीत साखर वेगाने आतड्यात उतरल्यास घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब व चक्कर अशी लक्षणे उद्भवतात. स्लीव्ह झालेल्यांमध्ये ती कमी प्रमाणात दिसतात. परंतु त्यामुळेच गोडाचा मार्ग मोकळा राहतो. घरातील एका मोठ्या माणसाने ‘तिला वाढू नका’ असे पंगतीत आधीच सांगून ठेवले तर रुग्णाची निम्मी अडचण दूर होते.

पाणी, चहा आणि ऊन

जेवताना तांब्या-भांडे शेजारी असणे ही मराठी घराची रीत आहे. शस्त्रक्रियेनंतर जेवण व पाणी यांत सुमारे अर्ध्या तासाचे अंतर ठेवण्यास सांगितले जाते. एका वेळी पेलाभर पाणी पिणेही शक्य नसते. दिवसाचे दीड ते दोन लिटर पाणी घोटाघोटाने घ्यावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्याचे तापमान चाळीस अंशांपलीकडे जाते, तेव्हा हे नियोजन अधिक काटेकोर हवे. बाटली सतत जवळ ठेवणे व दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन घोट घेणे ही सवय पहिल्या आठवड्यापासून लावावी.

चहाचा हिशेब बहुधा विसरला जातो. दोन चमचे साखरेच्या एका कपातून साखरेच्याच सुमारे ४० कॅलरी मिळतात; असे पाच कप झाले तर २०० कॅलरी होतात. शिवाय चहामुळे लोहाचे शोषण घटते. साखर क्रमाने कमी करत बंद करणे व लोहाची गोळी चहाच्या वेळेपासून दूर ठेवणे, या दोन लहान बदलांचा दीर्घकाळ लाभ होतो.

जन्मभराच्या गोळ्या व तपासण्या

आहार कितीही चांगला असला तरी शस्त्रक्रियेनंतर जीवनसत्त्वे व खनिजे पूरक स्वरूपात घ्यावीच लागतात. जठराचा आम्ल व ब-१२ च्या शोषणास आवश्यक घटक निर्माण करणारा भाग कमी होतो किंवा वगळला जातो. महाराष्ट्रात हा धोका विशेष मोठा आहे. डॉ. याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्के व शहरी मध्यमवर्गीय गटात ८१ टक्के व्यक्तींमध्ये ब-१२ ची पातळी कमी आढळली होती. ही स्थिती शस्त्रक्रियेविना होती. ब-१२ ची कमतरता हातापायांच्या मुंग्या, विस्मरण, तोल जाणे व रक्तक्षय या रूपांत उशिरा प्रकट होते. तोवर झालेली हानी पूर्ण भरून निघेलच असे नाही.

सर्वसाधारणपणे बहुजीवनसत्त्वे, ब-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम (दिवसाला १,२०० ते १,५०० मिलिग्रॅम, आहारासह) व लोह यांची योजना केली जाते. मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रियांना लोहाची मात्रा अधिक लागते. कॅल्शियम व लोह यांच्यात किमान दोन तासांचे अंतर असावे. पहिल्या वर्षात तीन-तीन, सहा-सहा महिन्यांनी व नंतर दरवर्षी रक्ततपासणी करावी. गुडघेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या घेणे, धूम्रपान करणे व तंबाखू सेवन करणे यांमुळे, विशेषतः बायपासनंतर, जोडाच्या जागी व्रण होऊ शकतो. स्त्रियांनी किमान १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी, असाही सल्ला दिला जातो.

येथे अंतर व पैसा या दोन अडचणी येतात. मराठवाड्यातील जे रुग्ण सुमारे २३५ किलोमीटरवरील पुण्यास किंवा त्याहून दूर मुंबईस जाऊन शस्त्रक्रिया करून घेतात, त्यांच्या पुढील भेटी क्रमाने कमी होत जाण्याची शक्यता असते. विमा नियामकाच्या २०१९ च्या सूचनांनुसार शरीर वस्तुमान निर्देशांक ४० किंवा अधिक, अथवा ३५ किंवा अधिक व सोबत गंभीर विकार असल्यास, विहित अटींवर शस्त्रक्रियेचा खर्च विम्यात समाविष्ट होऊ शकतो. परंतु गोळ्या, तपासण्या व आहार-सल्ला यांचा जन्मभराचा खर्च बहुतेक वेळा कुटुंबालाच सोसावा लागतो. शस्त्रक्रियेचा निर्णय घेतानाच या वार्षिक खर्चाची तरतूद करावी व जवळचा एक डॉक्टर नियमित तपासणीसाठी निश्चित करावा.

चालणे आणि स्नायूंचे बळ

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या महाराष्ट्रासह चार प्रदेशांतील पाहणीत (२०१४) ५४.४ टक्के व्यक्ती शारीरिकदृष्ट्या निष्क्रिय आढळल्या होत्या. म्हणजे रुग्ण ज्या समाजात परत जातो, तो समाजच बैठा आहे. शस्त्रक्रियेनंतर त्याच किंवा दुसऱ्या दिवसापासून चालणे सुरू केले जाते. पुढे आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम व शक्य झाल्यास ३०० मिनिटांपर्यंत वाढ, तसेच आठवड्यातून दोन-तीन वेळा स्नायूंना बळ देणारे व्यायाम, अशी शिफारस आहे.

छत्रपती संभाजीनगर शहरात हिमायत बाग, सिद्धार्थ उद्यान, विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर व गोगाबाबा टेकडी अशी चालण्यास योग्य ठिकाणे आहेत. उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वीची वेळ निवडावी. बाहेर पडणे शक्य नसलेल्या गृहिणींना खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला रेटून दंड काढणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे हे व्यायाम घरीच करता येतात. गुडघे दुखत असल्यास दहा मिनिटांचे तीन टप्पेही चालतात.

मन, कुटुंब आणि परतणारे वजन

अन्न हा अनेकांचा एकटेपणातील व दुःखातील आधार असतो. शस्त्रक्रियेने तो आधार अचानक काढून घेतला जातो. काही व्यक्तींमध्ये त्याची जागा मद्य घेते. बायपासनंतर मद्य रक्तात वेगाने चढते. अमेरिकेतील २०१२ च्या एका अभ्यासात मद्यासक्तीचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वीच्या ७.६ टक्क्यांवरून दुसऱ्या वर्षी ९.६ टक्क्यांवर गेल्याचे आढळले. लोंबणारी त्वचा, गळणारे केस, नातेवाइकांचे शेरे यांचाही मनावर ताण येतो. समुपदेशन हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

कुटुंबातील स्त्री रुग्ण असेल तर प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. स्वयंपाक तीच करते, सर्वांना वाढते व उरलेले स्वतः खाते. उरलेले टाकवत नाही म्हणून खाल्लेले दोन घास आणि स्वतःसाठी वेगळे पनीर आणणे ‘लाडाचे’ वाटणे, या दोन्ही गोष्टी तिच्या आरोग्याच्या आड येतात. तिचे ताट प्रथम वाढले जावे व घरातील सर्वांनी शक्यतो तेच अन्न खावे, ही व्यवस्था कुटुंबाने स्वीकारल्यास सवय टिकते. एका व्यक्तीचे पथ्य हे शिक्षेसारखे वाटते. घराची रीत झाली की त्याचे ओझे उरत नाही.

काही वर्षांनी चार-पाच किलो वजन वाढले की रुग्णाला अपराधी वाटते. लोक विचारतील, डॉक्टर रागावतील या भीतीने तपासणीस जाणे बंद होते व कमतरतांचे निदानही राहून जाते. वजनवाढीपेक्षा ही गैरहजेरी अधिक घातक आहे. वाढलेल्या वजनाची कारणे शोधून आहार, व्यायाम, औषधे अथवा क्वचित पुनर्शस्त्रक्रिया यांद्वारे उपाय करता येतात. २०२५ मध्ये भारतात टिर्झेपटाइड व सेमाग्लुटाइड ही वजन कमी करणारी इंजेक्शने उपलब्ध झाली आहेत. त्यांचा निर्णय तज्ज्ञांनीच घ्यावा. प्रथिने व स्नायू जपण्याची गरज त्या उपचारातही तेवढीच असते.

महाविद्यालयाची भूमिका

प्राध्यापक व शिक्षकेतर कर्मचारी यांचे काम बहुतांशी बैठे आहे. सलग तासिका, परीक्षेची कामे व स्टाफ रूममधील चहा यांत लहान-लहान वेळा खाण्याचे वेळापत्रक कोलमडते. शस्त्रक्रियेनंतर कामावर रुजू झालेल्या सहकाऱ्याला दोन तासिकांमध्ये दहा मिनिटांची सवड मिळेल असे वेळापत्रक आखणे कठीण नाही. उपाहारगृहात उसळ, उकडलेली अंडी, ताक व बिनसाखरेचा चहा ठेवता येतो. वाढदिवसाच्या केकचा आग्रह टाळता येतो. ‘किती किलो उतरले?’ या प्रश्नाऐवजी ‘चालायला येणार का?’ असे विचारणारा सहकारी अधिक उपयोगी असतो. राष्ट्रीय सेवा योजना, गृहविज्ञान व शारीरिक शिक्षण विभाग यांनी स्थानिक पदार्थांतील प्रथिनांचे तक्ते मराठीतून तयार केल्यास त्यांचा लाभ केवळ रुग्णांनाच नव्हे तर सर्व विद्यार्थ्यांना होईल.

निष्कर्ष

१. वजनघटीची शस्त्रक्रिया परिणामकारक असून तिचा लाभ दीर्घकाळ टिकतो. परंतु तिने मिळणारा पहिला वर्ष-दीड वर्षाचा अनुकूल काळ सवयी लावण्यासाठी वापरला गेला पाहिजे.

२. मराठवाड्याच्या आहारात आवश्यक घटक उपलब्ध आहेत. भाकरीला प्रधान व डाळ-उसळीला गौण मानणारा क्रम बदलणे हा त्यातील कळीचा बदल होय.

३. पूरक जीवनसत्त्वे व वार्षिक तपासणी जन्मभर आवश्यक असून त्यासाठी आर्थिक व भौगोलिक तरतूद शस्त्रक्रियेपूर्वीच करावी.

४. उपवास, पंगत व चहा या सामाजिक रीती आहेत. त्यांत बदल घडवण्याची जबाबदारी एकट्या रुग्णावर टाकणे अन्याय्य आहे.

५. वजन काही प्रमाणात परत वाढणे हा नैतिक पराभव नसून उपचार पुढे चालू ठेवण्याची सूचना आहे.

शस्त्रक्रिया काही तासांत पूर्ण होते. तिचे यश मात्र पुढील अनेक वर्षे घरच्या ताटात, सकाळच्या चालण्यात आणि सहकाऱ्यांच्या समजूतदारपणात ठरत राहते. वैद्यकीय उपचाराला कुटुंबाची व शिक्षणसंस्थेची साथ मिळाली तर दहाव्या वर्षीही समाधानकारक चित्र दिसू शकेल.